जुन्या पिकअपखाली तेलाचा डाग? गिअरबॉक्स गळतोय का, असं तपासा

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी गिअरबॉक्सच्या खाली डाग दिसला आणि तेल घट्ट, उग्र वासाचं असेल, तर ते बहुधा गिअर ऑइल आहे.

दुर्लक्ष का नको?
बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेल कमी झाल्याचं सांगणारा दिवा नसतो. घरघर ऐकू येते, तोपर्यंत बेअरिंग आणि गिअर झिजलेले असतात.

पातळी कशी बघायची?
गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड, चाकांना दगड. गिअरबॉक्सच्या बाजूचा फिलर प्लग उघडा. बहुतेक गाड्यांत तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच तेल भरा.

गळती कुठून होते?
• ड्रेन प्लग: वॉशर बदलला की बरेचदा काम होतं.
• मागचं ऑइल सील: प्रॉपेलर शाफ्ट काढून बदलता येतं.
• पुढचं सील: तेल क्लचवर गेलं तर क्लच घसरतो. इथे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

सील बदलताना ब्रीदर साफ करून घ्या. तो चिखलाने बुजला, तर आतला दाब वाढून नवं सीलही गळू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत जास्त माल भरू नका आणि तेलाची पातळी वारंवार बघत राहा.