जबलपूरचे भाड्याचे घर: छावणीच्या बंगल्यापासून सदनिकेपर्यंत

जबलपुरातील उंची भाड्याच्या घरांचा इतिहास हा मुख्यत्वे बदलीवर आलेल्या माणसांचा इतिहास आहे. डिसेंबर 1817 मध्ये हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले, त्यानंतर येथे छावणी आणि मुलकी कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या, घर बांधण्याचे कारण नसलेल्या परंतु ऐसपैस राहण्याची सवय असलेल्या अधिकाऱ्यांचा एक वर्ग निर्माण झाला. जुन्या वस्तीतील वाड्यांत अनेक बिऱ्हाडे एका चौकाभोवती नांदत असत. या नव्या वर्गाला मात्र हवा होता तो चहूबाजूंनी मोकळे आवार, रुंद ओसरी, उंच छत आणि मागच्या अंगाला नोकरांच्या खोल्या असलेला स्वतंत्र बंगला.

छावणीतील या बंगल्यांची मालकी विलक्षण होती. बंगाल सैन्याच्या छावण्यांसाठी 1836 मध्ये निघालेल्या आदेशानुसार जमीन सरकारची राही आणि तिच्यावरील इमारत तेवढी खासगी मानली जाई. सरकारला इमारतीची किंमत देऊन ती जागा परत घेता येत असे. पुढे 1902 च्या आणि त्यानंतर 1923 च्या छावणी गृहव्यवस्था कायद्याने, लष्करी अधिकाऱ्यासाठी घराची गरज पडल्यास ते भाडेपट्ट्याने देण्यास मालकाला भाग पाडण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. याचा अर्थ असा, की शहरातील सर्वांत प्रशस्त घरांत भाडेकरूची बाजू मालकापेक्षा वरचढ होती, कारण त्याच्या पाठीशी सरकार उभे होते.

मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आणि अलाहाबादकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात जोडले गेले, 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. रेल्वेने आणि कारखान्यांनी आपल्या नोकरांसाठी वसाहती बांधल्या, तरी त्यांत न सामावणारे अधिकारी, वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक नेपियर टाउन, राइट टाउन यांसारख्या आखीव वस्त्यांकडे वळले. 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, पण उच्च न्यायालय जबलपूरला मिळाले, त्यामुळे न्यायाधीश, सरकारी वकील आणि पक्षकार यांच्या रूपाने चांगल्या घरांची मागणी टिकून राहिली.

युद्धानंतरच्या टंचाईने भाड्याच्या व्यवहारात कायदा थेट घरात शिरला. जबलपूर ज्यात मोडे त्या मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी 1949 मध्ये निघालेल्या भाडेनियंत्रण आदेशानुसार भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय मालकाला घर सोडण्याची नोटीस देता येत नसे, आणि घर रिकामे झाले की त्याची वर्दी सरकारला द्यावी लागे, म्हणजे ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला देता येई. विदर्भातील वाचकांना हाच आदेश परिचित आहे, कारण तेथे तो महाराष्ट्राचा 1999 चा कायदा येईपर्यंत चालू राहिला. जबलपुरात मात्र त्याची जागा पुढे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 या कायद्याने घेतली. या कायद्याच्या कलम 12 मध्ये घर रिकामे करून घेण्याची कारणे मोजून दिली आहेत. नोटिशीनंतर दोन महिन्यांत थकबाकी न भरणे किंवा मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घराची खरी गरज असणे, ही त्यांतली नेहमीची. कलम 6 ने पागडी, म्हणजे भाड्याखेरीज वरून घेतली जाणारी रक्कम, निषिद्ध केली, तर कलम 39 ने रिकामी जागा अधिकाऱ्याला देण्याचा जिल्हाधिकाऱ्याचा अधिकार कायम ठेवला. छावणीत अधिकाऱ्याला मिळालेले संरक्षण अशा रीतीने साध्या भाडेकरूच्याही पदरात पडले.

त्याची दुसरी बाजू अशी, की एकदा ठेवलेला भाडेकरू हलवणे अवघड झाल्याने मालक घर द्यायला कचरू लागले, आणि 1983 मध्ये निवृत्त सरकारी नोकर, विधवा अशा मालकांसाठी कायद्यात जलद मार्गाचे स्वतंत्र प्रकरण घालावे लागले. व्यवहारात त्याहून सोपी वाट रुळली ती अकरा महिन्यांच्या कराराची. नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून मुदत वर्षाच्या आत ठेवली जाते. 1961 च्या कायद्याचे संरक्षण त्याने संपत नाही, तरी अनामत रक्कम आणि दरवर्षी नवा करार यांमुळे मालकाचा हात बळकट होतो.

विजयनगर किंवा तिलहरीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या बहुमजली संकुलांतील सदनिका याच चौकटीत भाड्याने जातात. बंगल्याच्या आवाराऐवजी उद्वाहन, जनित्र, वाहनतळ आणि पहारा या सोयी आल्या, नोकरांच्या खोल्यांची जागा मासिक देखभाल शुल्काने घेतली. बदलीचा माणूस अजूनही ग्राहक आहे, विशेषतः 2003 मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे सुरू झाल्यापासून; फरक इतकाच, की त्याच्यासाठी घर अडवून धरणारे सरकार आता सहसा मध्ये येत नाही आणि करारावर सही करताना त्याला स्वतःच्या अटी स्वतःच मांडाव्या लागतात. त्यामुळे भाडे किती आणि सोयी कोणत्या यांपेक्षा, राहणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हीच या शहरातील घरांच्या इतिहासाची खरी कसोटी ठरते.