आडनांवामागचें आडनांव

आडनांव म्हणजे घराण्याची ओळख, अशी आपली साधी समजूत असते. कॅनडांतील फ्रेंच समाजाचे कुलवृत्तान्त शोधूं लागलें म्हणजे ही समजूत फार काळ टिकत नाहीं. तेथें एकाच बापाचे दोन मुलगे दोन निराळ्या आडनांवांनीं वावरलेले आढळतात. उलट एकच आडनांव लावणाऱ्या दोन घराण्यांत रक्ताचा कांहींच संबंध नसतो.

या घोटाळ्याचें मूळ 'दी' या इवल्याशा फ्रेंच शब्दांत आहे. आपल्या 'ऊर्फ'चा तो सख्खा भाऊच. 'मिव्हिल दी देशेन' अशीं जोडनांवें तेथील जुन्या दप्तरांत पदोपदीं भेटतात. त्यांतलीं पुष्कळशीं लष्करांतून आलीं. फ्रेंच सैन्यांत शिपायाला टोपणनांव देण्याची चाल होती. १६६५ सालीं कारिन्यां-सालिएर पलटण इरोक्वा लोकांशीं लढण्यासाठीं क्वेबेकला उतरली. तिच्या सुमारें १,२०० शिपायांपैकीं ४०० च्या आसपास लोक मोहीम आटोपल्यावर तेथेंच राहिले. कोणी 'लाफ्लर' म्हणजे फूल, तर कोणी 'सांसूसी' म्हणजे निश्चिन्त! शिपायाचा शेतकरी झाला, पण टोपणनांव सुटलें नाहीं. पुढें एका मुलानें मूळ आडनांव धरलें, दुसऱ्यानें टोपणनांव. एकोणिसाव्या शतकांत जोडनांवांची चाल मागें पडली, तेव्हां बहुतेक शाखांनीं दोहोंपैकीं एकच ठेवलें. त्याच सुमारास पोटासाठीं न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्या कित्येकांच्या नांवांचें तर भाषान्तरच झालें. 'ब्वाव्हेर' म्हणजे हिरवें रान. त्याचें 'ग्रीनवुड' झालें.

मग वंशाचा धागा सांपडावयाचा कोठें? तो चर्चच्या वहींत सांपडतो. बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याचा फ्रान्सच्या राजाचा हुकूम १५३९ सालचा. १५७९ सालीं विवाह व दफन यांचीही त्यांत भर पडली. वसाहतवाल्यांनीं ही शिस्त बरोबर नेली. १६७९ पासून नोंदींच्या दोन प्रती होऊं लागल्या. एक चर्चजवळ राही, दुसरी न्यायकचेरींत जाई. म्हणून एक जळाली तरी बहुधा दुसरी वाचे. विवाहाच्या नोंदींत सामान्यतः वधूवरांच्या आईबापांचीं नांवें असत. विशेष म्हणजे स्त्रीची नोंद लग्नानंतरही तिच्या माहेरच्याच नांवानें होई. १६६३ ते १६७३ या काळांत राजाच्या खर्चानें सुमारें ८०० मुली तिकडे पाठविण्यांत आल्या. एरवीं अशा गरीब मुलींची आठवण इतिहासानें ठेविली नसती. आज त्यांचे वंशज पणजीच्या पणजीपर्यंत नांवानिशीं पोंचूं शकतात.

१७६० सालीं मॉन्ट्रिअल इंग्रजांच्या हातीं पडलें आणि फ्रान्समधून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ आटला. राज्य बदललें, परंतु वही बदलली नाहीं. जित समाजाची ती जणूं स्मृतिच झाली. सिप्रिएं तांगे या धर्मगुरूनें त्या नोंदींवरून १८७१ ते १८९० या काळांत सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला. १९६६ पासून मॉन्ट्रिअल विद्यापीठानें तेंच काम गणकयंत्राच्या साहाय्यानें पुढें नेलें.

पुरुषांचीं नांवें पलटणींत बदललीं, गिरण्यांत बदललीं. कागदावर स्थिर राहिलें तें आईचें नांव. आणि ज्याला हरवलेला बाप शोधावयाचा आहे, त्याला वाट विचारावी लागते ती तिलाच.