खाऱ्या पाण्यातील विजेची होडी

पेडणे तालुक्याच्या उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा अशा दोन नद्या अरबी समुद्रास मिळतात. भरतीचे खारे पाणी दोहोंच्या पात्रांत आतवर चढते. या पाण्यात लहान होडीला विजेचे यंत्र लावू पाहणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की, हे यंत्र गोड्या पाण्यात वाढलेले आहे.

१८३८ साली याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीत विद्युत्‌घटांच्या बळावर नाव चालविली. १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या सेन नदीत होडीला लावता-काढता येणारे विजेचे यंत्र आणले. मासेमारीच्या वेळी होडी आवाज न करता हळूहळू चालविणारे ‘मिन कोटा’ हे यंत्र १९३४ मध्ये अमेरिकेतील फार्गो येथे निघाले. मिनेसोटा व डाकोटा या शेजारच्या राज्यांवरून त्याचे नाव पडले. तेथील पाणीही तळ्यांचेच.

समुद्राचे पाणी क्षारांमुळे उत्तम वीजवाहक असते. परस्परांशी जोडलेले दोन भिन्न धातू त्यात बुडाले की त्यांचाच विद्युत्‌घट बनतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. विशेष हे की, या रोगावरील उपाय विजेच्या होडीपूर्वीच सापडला होता. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाचा तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्ला जाई. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही याने त्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. परंतु तांबे विरघळेनासे होताच शेवाळ व कवचधारी जीव तळाला चिकटू लागले, जहाजांची गती मंदावली आणि आरमाराने तो प्रयोग सोडला.

डेव्हीचे तत्त्व मात्र टिकले. खाऱ्या पाण्यासाठी बनविलेल्या यंत्रांवर आजही असा जस्ताचा तुकडा असतो. तो वेळोवेळी पाहून झिजताच बदलावा. त्यावर रंग चढवू नये, कारण रंगाने त्याचे कार्यच थांबते. फेरी संपताच यंत्र पाण्याबाहेर उचलून गोड्या पाण्याने धुवावे व बॅटरीच्या जोडांवरील मीठ पुसावे. हातावर पोट असलेल्या मच्छीमारास स्वस्ताईच्या मोहाने गोड्या पाण्याचे यंत्र खाडीत उतरविणे महाग पडते. शिवाय केरीच्या मुखाशी ओहोटीची ओढ अशा मंद यंत्रास भारी ठरू शकते. म्हणून होडीत वल्हे हवेच.