रंग वाळेपर्यंत

दोन वर्षांपूर्वी श्रावणात नणंदेचा मुलगा पुण्याहून लोहारद्याला आमच्याकडे आला, तो खोक्यातलं विमान घेऊनच. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं, प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवून करायचं. "मामी, इनॅमल लावू की अॅक्रिलिक?" मला विचारलं, कारण दशलक्षणात मंदिरातल्या समवसरणाची प्रतिकृती मीच रंगवत आले.

प्रश्न साधा वाटतो. पण हे दोन रंग आपल्या घरात वेगवेगळ्या दारांनी आले, बायांनो. इनॅमल, म्हणजे आपला ऑइलपेंट, पुरुषांच्या हातून आला. दारं-खिडक्या, लोखंडी जाळ्या रंगवून डब्यात उरलेला. परदेशातही तसंच. विमानांच्या रंगाच्या चिमुकल्या डब्यांसाठी नावाजलेली हम्ब्रोल 1919 साली इंग्लंडातल्या हल गावी निघाली, ती सायकलवाल्यांना तेल पुरवायला. पाण्यात कालवायचं अॅक्रिलिक बाजारात आलं 1950 नंतर, आणि आपल्याकडे ते बायकांच्या पेटीतून शिरलं. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे कापडावरचे रंग आठवा. उशांचे अभ्रे रंगवता रंगवता आपण अॅक्रिलिकच शिकत होतो, नाव ठाऊक नव्हतं एवढंच.

पहिलं समवसरण मी ऑइलपेंटनं रंगवलं. थर्माकोलचं होतं. थिनर लागताच कोटाला खड्डे पडले नि तो खचला. पुढच्या वर्षी पुठ्ठा आणि लाकूड घेतलं. रंग काय सुरेख बसला! ब्रशची रेघ दिसेना, सोनेरी तर आरशासारखा. (अॅक्रिलिकला ती झळाळी नाही, खोटं कशाला बोलू.) पण ऑइलपेंट वाळायला रात्र लागते, आणि ती भादव्यातली माळव्याची रात्र! दिव्याखाली ठेवलेल्या कोटावर सकाळी पाखरं, चिलटं चिकटलेली. काहींचे पाय अजून हलत होते. सासूबाई म्हणाल्या, "भगवंताची सभा मांडलीस, आणि जिवांना बोलावून मारलंस गं." मी चिमट्यानं एकेक काढत बसले. जिवंत एकही सुटलं नाही.

माळ्यावरचा तो पिवळा डबाही मग काढून टाकला. जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांत ते 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्या देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आमचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा, आणि लेकरं त्याच कोटाला हात लावून प्रसाद खायची.

तर मुलाला सांगितलं, अॅक्रिलिक घे. आधी प्लॅस्टिक साबणानं धू, प्राइमर लाव, नाहीतर रंग नखानं निघेल. पातळ दोन हात दे. ब्रश नायलॉनचा, डुकराच्या केसांचा या घरात नको. दिवेलागणीच्या आत विमान वाळलंसुद्धा.

"मामी, चाकांना तरी इनॅमल? ते घट्ट बसतं."

"डिसेंबरात ये," म्हटलं, "तेव्हा पाखरं नसतात."