वेळासची माहेरवाशीण

वेळास हे नाव मराठी वाचकांस ठाऊक असते ते नाना फडणिसांमुळे. श्रीवर्धनचे भट आणि वेळासचे भानू ही कुळे कोकणातून देशावर गेली व राज्याचा कारभार पाहू लागली, हे आपण शाळेतच शिकलो. परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, बाणकोटनजीकच्या या गावी हिवाळ्यात जी माहेरवाशीण येते, तिचा वृत्तांत कोणत्याही बखरीत नाही.

ही माहेरवाशीण म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची कासवी. रात्री ती पुळणीवर चढते, हात-दीडहात खोल खळगा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परतते. मागे वळून पाहणे तिला ठाऊक नाही. वाळूवर उरतो तो तिचा माग. कोल्ह्याकुत्र्यांस तो वासाने कळे, माणसांस नजरेने. पहाटे माग काढावा, काठी खुपसून भुसभुशीत जागा हेरावी आणि अंडी उकरून न्यावी, हा पूर्वीचा परिपाठ होता. त्यांस आम्ही दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा? दारिद्र्यात घरचे दोन घास त्यावर निघत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व पुढे कासवीस त्याचा आश्रय मिळाला. पण पुळणीवर पहाटे कायदा नसतो, माणूस असतो. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांच्या पाहणीस आले असता त्यांस अंड्यांची टरफले आढळली. त्यांनी केलेली गोष्ट आम्हास मोठी शहाणपणाची वाटते: अंडी काढणाऱ्यांचीच नजर त्यांनी रक्षणाच्या कामी लाविली. माग तोच, पहाट तीच. अंडी मात्र आता कुंपणातल्या वाळूत तितक्याच खोलवर पुरली जाऊ लागली. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात व पाण्याकडे सोडली जातात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघर उतरू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांनी गावास अधिक दिले.

या माहेरवाशिणींची सासरे किती दूर असावीत? ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लाविलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत याच जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. भारताच्या दोन किनाऱ्यांची कासवे निरनिराळी, असा जाणत्यांचा समज होता. तो या एकटीने हलविला. तिचीही अंडी पहाटे कोणीतरी मोजून कुंपणात ठेविली.