वर्गातील धडे आणि वर्गाबाहेरील संस्कार
(कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जडणघडणीचा मागोवा)

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, देणगीदार, पटसंख्या आणि परीक्षांचे निकाल यांची नोंद आवर्जून केली जाते. शाळा सुटल्यावर विद्यार्थी कोठे राहिला, कोणाच्या शेजारी पंगतीला बसला, पाणी कोणी भरले आणि आजारपणात त्याच्या उशाशी कोण बसले, याची नोंद मात्र सहसा आढळत नाही. वास्तविक माणूस घडतो तो या दोन्ही ठिकाणी. जैन परंपरेने सम्यक् ज्ञानाच्या जोडीला सम्यक् चारित्र्य सांगितले, त्यामागेही हीच जाण आहे. ज्ञान वर्गात मिळू शकते. चारित्र्याची परीक्षा वर्गाबाहेर होते.

या विधानाची साक्ष पटवणारे एक चरित्र दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या अगदी घरातले आहे. ते म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. त्यांच्या गौरवाचे प्रसंग समाजात वारंवार सांगितले जातात. परंतु ते कोठे शिकले, काय शिकले आणि कोणत्या प्रसंगी समाजालाच त्यांच्याकडून शिकावे लागले, हा भाग अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

कुंभोज ते कोल्हापूर

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बाहुबली डोंगराच्या सान्निध्यामुळे हे गाव जैन समाजाला सुपरिचित आहे. घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे, शेतकरी जैन. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत असल्याने त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचे शिक्षणही गावोगाव फिरत राहिले. पुस्तकापेक्षा तालीम, मल्लखांब आणि पोहणे यांत भाऊरावांचे मन अधिक रमे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विहिरीचे पाणी मिळत नाही, हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. हा धडा त्यांना कोणत्याही क्रमिक पुस्तकाने दिलेला नव्हता. विहिरीच्या काठावर तहानलेली माणसे दिसत होती, आणि तेवढे त्यांना पुरेसे होते.

पुढील शिक्षणासाठी १९०२ च्या सुमारास ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले. त्या काळी कोल्हापूरची शैक्षणिक हवा झपाट्याने बदलत होती. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. तत्पूर्वी दोनच वर्षे, म्हणजे १८९९ मध्ये, स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती व समाजातील मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न धुरिणांच्या चिंतनाचा मुख्य विषय बनला होता.

बोर्डिंगची गरज खरीखुरी होती. हायस्कुले मोजक्या शहरांत आणि जैन शेतकऱ्यांची वस्ती खेड्यांत. मुलगा शहरात पाठवला तर तो राहील कोठे, गाळलेले पाणी व दिवसाउजेडी भोजन हे नियम पाळणार कसे, ही आईवडिलांची काळजी होती. बोर्डिंगने ती दूर केली आणि शेतकऱ्याच्या मुलासाठी हायस्कूलचा दरवाजा उघडला. या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही. भाऊरावही याच बोर्डिंगमध्ये राहिले.

बोर्डिंगचे दार

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना बोर्डिंगमध्ये सांगण्यात आले. माणसांच्या सहवासाने विटाळ होतो हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी नकार दिला आणि त्याचे पर्यवसान बोर्डिंग सोडावे लागण्यात झाले. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आश्रय लाभला.

हा प्रसंग सांगताना बोर्डिंगच्या चालकांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्या बोर्डिंगच्या कारभारात अग्रभागी असलेले अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः विद्वान आणि समाजसुधारक होते. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. तथापि नियम कशासाठी आहे हे विसरून केवळ नियम राखला, की सुधारकाच्या हातूनही एखाद्या विद्यार्थ्यावर दार बंद होऊ शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. समाजाने हा प्रसंग झाकून ठेवू नये. भाऊरावांच्या पुढील कार्याचे बीज त्या बंद दारात आहे.

शाळेतही यश मिळाले नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. गणिताच्या शिक्षकांकडे त्यांना वर चढवण्याविषयी खुद्द महाराजांकडून शब्द गेला असता, हा ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर चढवीन, पण याला चढवणार नाही, अशा आशयाचे उत्तर शिक्षकांनी दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. राजाची भीड न बाळगणारा शिक्षक आणि तो नकार मुकाट्याने पचवणारा विद्यार्थी, दोघेही तितकेच लक्षात राहतात. पुढील आयुष्यात भाऊरावांनी शिक्षकांची प्रतिष्ठा सदैव जपली, हे ध्यानात घेतले म्हणजे या आख्यायिकेला वेगळा अर्थ येतो.

खरी परीक्षा

वर्गातील परीक्षेत मागे पडलेल्या या तरुणाची दुसरी परीक्षा १९१४ मध्ये झाली. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले आणि संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळली. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास साफ नकार दिला. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला आणि इतका छळ सोसावा लागला, की प्राण देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. परंतु असत्य त्यांच्या मुखातून निघाले नाही.

सत्य अणुव्रताचे विवेचन पाठशाळेत अनेकांनी ऐकले असेल. जिवावर बेतले असताना, तेही आपल्याला दूर करणाऱ्या माणसासाठी, ते पाळून दाखवणारा विद्यार्थी मात्र दुर्मिळच. शाळेच्या प्रगतिपुस्तकात या गुणाला रकाना नव्हता.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी ओगले काच कारखाना व किर्लोस्करांचा लोखंडी नांगर यांच्या विक्रीसाठी भ्रमंती केली. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागे, त्याची जमीन आणि त्याची ऐपत पाहावी लागे. या भ्रमंतीने त्यांना खेड्यांचे जे दर्शन घडवले, ते कोणत्याही महाविद्यालयात घडले नसते. जमीन आहे पण हिशेब वाचता येत नाही, सावकाराच्या कागदावर अंगठा उमटतो आणि शेत जाते, हे दुःख त्यांनी ओट्या-ओट्यांवर बसून ऐकले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा परिचय त्यांना होताच. त्या विचारांचा पुरावा आता डोळ्यांसमोर होता.

वसतिगृह हीच शाळा

१९१० च्या सुमारास दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत विद्यार्थी आश्रम सुरू करून त्यांनी या कार्याचा श्रीगणेशा केला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या राजाने बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला आश्रय दिला, त्याचेच नाव त्या विद्यार्थ्याने आपल्या बोर्डिंगला दिले.

या वसतिगृहाची रचना पाहिली म्हणजे भाऊरावांनी कोल्हापुरात काय घेतले व काय टाकले, ते स्पष्ट होते. खेड्यातील मुलाला शहरात निवारा देण्याची, एकत्र राहण्याची, शिस्तीची कल्पना त्यांनी बोर्डिंगमधूनच घेतली. जातीची भिंत तेवढी टाकली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच पंगतीला बसत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुलेच पाळीपाळीने करीत. समतेवर व्याख्यान देण्याची गरजच उरली नाही. एकाने भाजलेली भाकरी दुसऱ्याच्या ताटात पडत होती आणि हाच तेथील रोजचा पाठ होता.

या कार्याचा खरा भार उचलला तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. कुंभोजच्याच एका सधन जैन घरातील ही कन्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली. सर्व जातींच्या मुलांसाठी चूल पेटवणे त्यांना प्रारंभी सोपे गेले नसणार. तरीही त्या मुलांची आई झाल्या. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही गहाण टाकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. श्रावकाला सांगितलेल्या चार दानांपैकी आहारदान आणि शास्त्रदान ही दोन्ही त्यांनी एकाच चुलीपाशी घडवली. अक्षरओळख देणाऱ्या गुरूइतकाच, अर्ध्या रात्री आलेल्या मुलाला भाकरी देणारा हातही शिक्षकाचाच असतो, हे त्यांच्या जीवनावरून उमगते.

श्रमाला विद्येची जोड

वर्गात अपयश आले म्हणून भाऊरावांनी वर्गाला तुच्छ मानले नाही. उलट त्यांनी वर्ग उभारण्याचा ध्यासच घेतला. पुणे कराराच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस, खेड्यांना चांगले शिक्षक मिळावेत म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय, १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ मध्ये कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, असा हा विस्तार झाला. ज्या गावांत शाळाच नव्हती तेथे शेकडो प्राथमिक शाळा निघाल्या.

‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना याच अनुभवातून आली. विद्यार्थ्याने शेतात, बागेत किंवा बांधकामावर काम करावे आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, असे तिचे स्वरूप होते. तिचा हेतू केवळ पैशांची बचत हा नव्हता. दुसऱ्याच्या दयेवर शिकलेला मुलगा जन्मभर मिंधा राहतो, स्वतःच्या घामावर शिकलेला ताठ मानेने उभा राहतो, ही त्यामागील दृष्टी होती. शिवाय शिकलेला मुलगा कष्टाला कमीपणा मानू लागला, तर शिक्षणाने त्याला घरापासून तोडले असा अर्थ होतो. कुदळ हातात असलेल्या विद्यार्थ्याला आपल्या बापाची लाज वाटण्याचे कारण नव्हते. या संस्कारातून तयार झालेल्या विद्यार्थ्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट्. ही सन्मान्य पदवी. जो विद्यार्थी वरच्या इयत्तेत चढू शकला नाही, त्याला विद्यापीठाने सर्वोच्च पदवीने गौरवले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

समाजासाठी बोध

जैन समाजाने गावोगावी पाठशाळा, गुरुकुले आणि वसतिगृहे उभारली. त्यांसाठी अनेकांनी आपली मिळकत दिली, अनेकांनी आयुष्य दिले. या वारशाचा अभिमान रास्त आहे. कर्मवीरांचे चरित्र मात्र त्या अभिमानापुढे एक प्रश्न ठेवते. समाजाच्या बोर्डिंगने त्यांना दोन धडे दिले : आत घेऊन एक, बाहेर काढून दुसरा. पहिल्यातून ते वसतिगृह चालवायला शिकले; दुसऱ्यातून ते कोणासाठी चालवायचे हे शिकले. दुसरा धडा समाजाने जाणीवपूर्वक दिलेला नव्हता. तो एका विद्यार्थ्याने स्वतःच्या सद्सद्विवेकाने काढून घेतला.

म्हणून शिक्षणकार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने, निकालाची टक्केवारी पाहून झाल्यावर, आपल्या पंगतीकडेही एकदा पाहावे. तेथे कोण बसले आहे, कोण वाढते आहे आणि दाराशी कोणी थांबलेला तर नाही, याची विचारपूस करावी. रयत शिक्षण संस्थेने बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष स्वीकारला आहे. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकतात तेव्हा त्याच नवे खोड होऊन वृक्षाला आधार देतात. सावलीत येणाऱ्या वाटसरूला तो वृक्ष जात विचारत नाही. समाजाच्या प्रत्येक विद्यामंदिराला अशीच सावली लाभो.