जाहिरातीचा एक रुपयाही न देता हॉटेलची बातमी पेपरात कशी येते?

जानेवारी २०२१. लॉकडाऊननंतर हॉटेलं उघडली होती, पण गिऱ्हाईक अजून बिचकत होतं. अशा वेळी पुण्याजवळच्या वडगाव मावळमधल्या शिवराज हॉटेलने एक पैज लावली. साधारण ४ किलोची नॉनव्हेज थाळी एका तासात संपवा आणि बुलेट घेऊन घरी जा. थाळीची किंमत २,५०० रुपये, बक्षीस दीड लाखाच्या पुढची गाडी. सोलापूर जिल्ह्यातल्या एकाने खरंच थाळी संपवली, बुलेट जिंकली आणि मराठीसोबत हिंदी-इंग्रजी माध्यमांनीही ही बातमी चालवली.

एवढी प्रसिद्धी जाहिरात देऊन मिळवायची म्हटली, तर महामार्गावरच्या हॉटेलला परवडली नसती. मग बातमी फुकटात कशी झाली?

बातमी कशाची होते?

"आमच्याकडे उत्तम चवीचं जेवण मिळतं" ही बातमी होत नाही. तसं प्रत्येक हॉटेलवाला म्हणतो. पेपर वाचणाऱ्याला काहीतरी नवीन, आपल्या गावाशी जोडलेलं आणि दुसऱ्याला सांगावंसं वाटेल असं हवं असतं. बुलेट थाळीत आकडा होता, स्पर्धा होती आणि दारात उभ्या गाड्यांचा फोटोही होता.

नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांनी हे गणित अनेकदा जमवलंय. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी नागपुरात सलग ५० तासांहून जास्त वेळ स्वयंपाक केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ३,००० किलो खिचडी शिजवली. २०१८ मध्ये त्यांनी जळगावात अडीच हजार किलो वांग्याचं भरीत केलं. भरीत म्हणजे जळगावचा अभिमान, त्यामुळे तिथल्या माणसाला ही बातमी आपल्याच घरातली वाटते.

अर्थात प्रत्येकाला बुलेट वाटणं किंवा हजार किलोची कढई चढवणं शक्य नाही. त्याची गरजही नाही. ५० वर्षं एकाच जागी चालणारी खानावळ, बचत गटाच्या महिलांनी सुरू केलेलं जेवणघर, परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांना सवलतीत मिळणारा डबा, गावातून गायब झालेला पदार्थ पुन्हा मेनूवर येणं, या सगळ्या स्थानिक पानाच्या बातम्या आहेत. जुन्या हॉटेलला पुरस्कारही उपयोगी पडतो. दादरच्या आस्वादचं नाव मुंबईकरांना आधीपासून माहीत होतं. पण २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत त्यांची मिसळ सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली आणि पेपरांना नव्याने लिहायला निमित्त मिळालं.

गाठायचं कुणाला?

इथेच बरेच जण चुकतात. थेट संपादकाच्या नावाने मेल टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. शहरात असाल तर पेपरच्या शहर आवृत्तीचा बातमीदार किंवा पुरवणी बघणारा उपसंपादक शोधायचा. त्यांची नावं बातम्या-लेखांवर छापलेली असतात. तालुक्याच्या गावी वार्ताहर असतो आणि तो बहुतेकदा गावातलाच ओळखीचा माणूस असतो. त्याशिवाय केबलवरचं लोकल चॅनल, यूट्यूबवरची न्यूज पोर्टल्स आणि आकाशवाणीचं स्थानिक केंद्र आहेच.

वेळही सांभाळायची. संध्याकाळी पानं लावायची घाई असते, तेव्हा फोन केला तर समोरचा धड बोलणारही नाही. सकाळी उशिरा किंवा दुपारी बोलावं. पुरवणीची पानं आधीच तयार होतात, त्यामुळे संक्रांतीचा विषय संक्रांतीच्या आदल्या दिवशी नेऊन चालत नाही. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत.

प्रेस नोटमध्ये काय लिहायचं?

एक पान पुरे. पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, कधी. मग हे का वेगळं आहे ते. शेवटी पत्ता, किंमत आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा, म्हणजे बातमीदाराला तो पुन्हा टाइप करावा लागत नाही. सोबत दोन-तीन स्वच्छ फोटो, लोगो किंवा ऑफरची पट्टी न चिकटवलेले. "जगप्रसिद्ध", "एकमेव", "नंबर वन" असे शब्द टाळलेले बरे, कारण उपसंपादक ते आधी कापतो आणि उरलेल्या मजकुरावरही संशय घेतो.

पैसे मागितले तर?

हा प्रश्न येतोच. अनेक ठिकाणी वार्ताहराला तुटपुंजं मानधन मिळतं आणि वर्धापनदिन, दिवाळीच्या जाहिराती आणण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते. त्यामुळे "बातमी लावतो, एक जाहिरात द्या" असं ऐकायला मिळू शकतं. जाहिरात देण्यात गैर काही नाही, पण ती जाहिरात म्हणूनच छापली जायला हवी. पैसे किंवा वस्तू घेऊन छापलेल्या बातमीला पेड न्यूज म्हणतात. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला होता. मालकाने बिनधास्त विचारावं, "हे जाहिरात म्हणून छापणार की बातमी म्हणून?"

रील बनवणाऱ्यांना फुकट जेवू घालतानाही हेच लागू होतं. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेऊन कौतुक केलं असेल तर तसं ठळकपणे सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. "मस्त जागा सापडली" म्हणणारी रील बघताना आपणही त्यावर "जाहिरात" किंवा "प्रायोजित" लिहिलंय का, हे तपासायला हवं.

बातमी आली, पुढे काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतल्या मालवीय नगरच्या 'बाबा का ढाबा'चा व्हिडिओ व्हायरल झाला आणि रिकाम्या टपरीसमोर रांगा लागल्या. डिसेंबरमध्ये त्या वृद्ध चालकांनी मोठं रेस्टॉरंट उघडलं. काही महिन्यांतच ते बंद पडलं आणि ते पुन्हा टपरीवर परतले. बातमी गिऱ्हाईक एकदा आणते. खर्चाचं गणित आणि दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक हे मालकालाच सांभाळावं लागतं.

म्हणून बातमी येणार असेल त्या आठवड्यात तयारी हवी. जादा माल, एखादा जादा माणूस, फोन उचलायला कुणीतरी आणि गूगल मॅपवर बरोबर वेळ-पत्ता. एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर बिलावर हवा, कारण ते बंधनकारक आहे. बातमीत २०० रुपयांची थाळी छापली असेल, तर ती त्या आठवड्यात २०० लाच मिळाली पाहिजे. ती २५० ची झाली, तर पुढची बातमी लोक रिव्ह्यूमध्ये लिहितात.